सिकलसेल तर आहेच, पण आज काय झालंय?

विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सिकलसेलचा प्रौढ रुग्ण दाखल झाला आणि केसपेपरवर 'एसएस पॅटर्न' लिहिलं गेलं, की त्याच्या प्रत्येक तक्रारीला एक तयार उत्तर मिळू लागतं. कंबर दुखते? सिकलसेलमुळे. डोळे पिवळे दिसतात? सिकलसेलमुळे. धाप लागते? रक्त कमी आहे ना, सिकलसेलमुळे. हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. सलग वीस वेळा बरोबर ठरलेलं उत्तर एकविसाव्या वेळी कोणी तपासून पाहत नाही. नेमक्या त्याच वेळी ती तक्रार हाडातली मज्जा मृत झाल्याची, फुप्फुसात चरबीचे कण अडकल्याची किंवा आठवड्यापूर्वी चढवलेलं रक्त शरीर मोडून टाकत असल्याची खूण असू शकते. अशा गुंतागुंती क्वचित होतात, पण होतात तेव्हा निदानासाठी हाताशी काही तासच असतात. त्या ओळखायला विलक्षण बुद्धीचा डॉक्टर किंवा महागडं यंत्र लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. सर्वांत आधी लागते ती या रुग्णाच्या चांगल्या दिवसांची नोंद. त्याची आजची अवस्था प्रयोगशाळेच्या छापील 'नॉर्मल'शी ताडून फारसं काही हाती लागत नाही. ती त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या अवस्थेशी ताडावी लागते.

हा आजार विदर्भाच्या दृष्टीने घरचा. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. तो रुग्ण लहान मूल नव्हता, दंतवैद्यक शिकणारा विशीतला तरुण होता, आणि पुढे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने गेला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच तो दोष. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या कडक दोऱ्या बनतात, पेशी वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि पेशी लवकर फुटतात. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयीचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे नागपूरच्या वैद्यकविश्वाची या आजाराशी सहा दशकांहून अधिक जुनी ओळख आहे. आदिवासी समाज, अनुसूचित जाती आणि अनेक इतर मागास जातींतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे दुखणं सोसत आली आहेत, आणि 'एएस' (वाहक), 'एसएस' (रुग्ण) ही इंग्रजी अक्षरं आज गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यांतही सोयरीक जुळवताना उच्चारली जातात.

इतक्या जुन्या ओळखीचा तोटाही होतो. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. त्याला आधारही होता. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत या जनुकाचा अरब-भारतीय प्रकार असतो, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि ते पेशींना वाकण्यापासून काही प्रमाणात वाचवतं. पण सरासरी सौम्य असणं आणि समोरचा रुग्ण सौम्य असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांच्या मोठ्या गटाचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला, की इथल्या मुलांचा आजार समजला जातो तसा सौम्य नाही. ती मुलं आता प्रौढ होत आहेत. लसी, प्रतिजैविकं आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांमुळे जी मुलं पूर्वी पाचव्या वर्षाआधी दगावली असती, ती आज महाविद्यालयात जातात, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, त्यांना मुलंबाळं होतात. बालरोग विभागात वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरकडे जाणारा मुलगा अठराव्या वर्षी मेडिसिनच्या ओपीडीत येतो. तिथे वारानुसार युनिट बदलतं, दर सहा महिन्यांनी निवासी डॉक्टर बदलतात, आणि त्याला ओळखणारं कोणी उरत नाही. पुण्या-मुंबईत तर ज्याने आयुष्यात सिकलसेलचे चार रुग्णही पाहिलेले नाहीत, असा डॉक्टर त्याला तपासतो.

पुस्तकी ज्ञानही इथे कधी कधी वाट चुकवतं. प्लीहेचंच पाहा. परदेशी पाठ्यपुस्तकं सांगतात, की वारंवार रक्तपुरवठा तुटून सिकलसेलच्या मुलाची प्लीहा पाच-सहा वर्षांची होईतो सुकून जाते, त्यामुळे प्लीहेत एकदम रक्त साठण्याचा धोका लहानपणापुरता. आपल्याकडे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने अनेकांची प्लीहा मोठेपणीही टिकते, उलट वाढलेली असते. मग पंचविशीतल्या बाईच्याही प्लीहेत काही तासांत रक्त साठू शकतं, हिमोग्लोबिन धाडकन उतरतं, प्लेटलेटही त्यातच अडकून कमी होतात. प्रौढांत हे होत नाही असं घोकलेला डॉक्टर तिचं पोट चाचपणार नाही, आणि चाचपलं तरी वाढलेली प्लीहा मलेरियाच्या खाती टाकेल. गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णात मलेरियाची शंका रास्तही असते. इथे निवाडा एकाच माहितीने होतो: चांगल्या दिवसांत तिची प्लीहा बरगडीखाली किती बोटं लागत होती. दोन बोटं असायची आणि आज सहा लागत असतील, तर त्या चार बोटांत तिचा जीव अडकला आहे.

रक्ताच्या अहवालाचंही तसंच. सिकलसेलच्या अनेक रुग्णांचं हिमोग्लोबिन नेहमीच सात-आठच्या आसपास असतं आणि त्यावर ते शेतात राबतात, संसार करतात. अहवालात लाल शाईने 'लो' छापलेलं असतं, म्हणून घाईने रक्त चढवलं जातं. दुसरीकडे, एरवी साडेनऊ असणारा माणूस सहावर आला तरी 'यांचं कमीच असतं' म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात. हिमोग्लोबिन उतरलं असेल तर का उतरलं, याचा शोध रेटिक्युलोसाइट काउंट या साध्या, स्वस्त तपासणीने सुरू होतो. या कोवळ्या तांबड्या पेशी. त्या भरपूर असतील तर कारखाना चालू आहे आणि पेशी फुटत आहेत किंवा प्लीहेत अडकत आहेत. त्या जवळपास नाहीशा झाल्या असतील तर मज्जेनेच काम थांबवलं आहे, बहुधा पार्व्हो विषाणूच्या संसर्गामुळे. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन तर याहून फसवं. सिकलसेलच्या तरुण रुग्णांत मूत्रपिंड सुरुवातीची वर्षं प्रमाणापेक्षा जास्त गाळतं, अंगावर मांसही कमी असतं, त्यामुळे क्रिएटिनिन ०.४ किंवा ०.५ इतकं खाली असू शकतं. ते एकवर गेलं तर अहवाल म्हणतो 'नॉर्मल', प्रत्यक्षात ते दुपटीने वाढलेलं असतं. अशा वेळी दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं चालूच राहिली तर उरलेलं मूत्रपिंडही जातं. मधुमेह तपासायचं एचबीए१सी हेही इथे कुचकामी, कारण साखर चिकटायला पेशी पुरेसे दिवस जगतच नाहीत. साखर वाढलेली असूनही आकडा चांगला दिसतो.

आता नागपूरचा पावसाळा घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात शहरात डेंग्यूची साथ असते, ताप आणि अंगदुखीला सगळे वॉर्ड भरलेले असतात, आणि प्लेटलेट कमी दिसल्या की घरच्यांच्याही तोंडी पहिला शब्द डेंग्यू. अशा दिवसांत सौम्य सिकलसेल असलेला, आजवर फारसा दाखल न झालेला तरुण येतो. पाठ, मांड्या, बरगड्या यांत पूर्वी कधी न झालेल्या वेदना, ताप, प्लेटलेट दीड लाखावरून साठ हजारांवर. दुसऱ्या दिवशी धाप लागते, तो बरळू लागतो. डेंग्यू असू शकतो, स्क्रब टायफसही असू शकतो. पण तिसरी शक्यता अशी, की त्याच्या हाडांतली मज्जा मोठ्या प्रमाणावर मृत होऊन तिच्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत पोहोचली आहे. डेंग्यू आणि मज्जा मृत होणं या दोहोंना वेगळं करणाऱ्या खुणा वॉर्डातच मिळतात. डेंग्यूत रक्तातलं पाणी झिरपून रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट वीस टक्के किंवा जास्त वाढतं. मज्जा मृत झाली तर हिमोग्लोबिन उतरत जातं, रक्ताच्या काचपट्टीवर केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी दिसतात, एलडीएच आणि फेरिटिन प्रचंड वाढतात. इथेही नेहमीचा आकडा माहीत असावाच लागतो. एरवी चोवीस हिमॅटोक्रिट असणाऱ्याचं एकोणतीस झालं, तर ते वीस टक्क्यांहून अधिक वाढलेलं आहे, म्हणजे डेंग्यूची गंभीर अवस्था. अहवालात मात्र तेही 'लो'च छापलं जाईल. लंडनच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये मज्जा मृत होऊन चरबी पसरण्याच्या या गुंतागुंतीच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या ५८ रुग्णांचा आढावा घेतला. त्यातले बहुसंख्य रुग्ण 'एसएस' नसलेल्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रकारांचे होते. ज्यांना रक्तच दिलं नाही त्यांच्यातले ९१ टक्के दगावले, नुसतं रक्त चढवलेल्यांतले ६१ टक्के, आणि रक्त बदलून दिलेल्यांतले २९ टक्के. आकडे थोड्या रुग्णांवरचे आहेत, हे लक्षात ठेवूनही त्यांचा रोख स्पष्ट आहे. निदान झालं तर वाचवता येतं, आणि 'याचा आजार सौम्य आहे' हे वाक्य या रुग्णासाठी सर्वांत घातक आहे.

फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा, म्हणजे अक्यूट चेस्ट सिंड्रोमचा, अमेरिकेतला मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७१ प्रसंग तपासले गेले. जवळपास निम्मे रुग्ण छातीच्या तक्रारीसाठी आलेच नव्हते. ते बहुधा हाडांच्या दुखण्यासाठी दाखल झाले होते आणि सरासरी अडीच दिवसांनी त्यांची छाती बिघडली. प्रौढांत आजार अधिक तीव्र होता. म्हणजे दाखल होताना काढलेला चांगला एक्स-रे तिसऱ्या दिवशी कामाचा नसतो. ज्याचा ऑक्सिजन एरवी ९७ असतो त्याचा ९२ झाला, तर वेदनेचं औषध वाढवण्याआधी छाती पुन्हा ऐकायला हवी. रक्त चढवल्यानंतर आठ-दहा दिवसांनी रुग्ण पुन्हा दुखणं घेऊन, कोका-कोलाच्या रंगाची लघवी होत असताना आला आणि हिमोग्लोबिन रक्त चढवण्याच्या आधीपेक्षाही खाली असेल, तर शरीर परकं रक्त मोडतं आहे आणि त्या ओघात स्वतःचंही. तेव्हा आणखी रक्त चढवणं आगीत तेल ओतण्यासारखं ठरू शकतं. पण हे कळायला रक्त केव्हा चढवलं, त्याआधी किती होतं, हे लिहिलेलं हवं. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्येच दिसतं. दुखणं जांघेत किंवा गुडघ्यातही जाणवतं. रुग्ण सांगत असतो, की हे दुखणं नेहमीचं नाही, बसून उठताना होतं, रात्री होतं. तो सांगत असतो ते बहुतेकदा खरं असतं. वीस वर्षं स्वतःच्या वेदनेसोबत जगलेल्या माणसाला तिची जितकी पारख असते तितकी दुसऱ्या कोणाला असेल?

यावर अनुभवी डॉक्टर एक सबळ आक्षेप घेतील. नेहमीच्या गोष्टी नेहमी होतात. प्रत्येक दुखण्यात दुर्मीळ गुंतागुंत शोधायला लागलो तर गरीब रुग्णाला तपासण्यांच्या खर्चात बुडवू. हा आक्षेप बरोबर आहे, आणि नोंदीचा आग्रह धरण्याचं कारणही तोच आहे. नेहमीचं काय ते माहीत असेल तरच शंभर रुग्णांतल्या नव्वदांना तपासण्यांशिवाय निर्धास्तपणे घरी पाठवता येतं. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी रक्ताची काचपट्टी, रेटिक्युलोसाइट काउंट, पोट चाचपणं आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर यांत भागतात. एमआरआय कोणाचा करायचा, हे त्यानंतर ठरतं. दुसरा आक्षेप गर्दीचा. ओपीडीत एका रुग्णामागे काही मिनिटंही मिळत नाहीत, हे खरं आहे आणि त्याला निवासी डॉक्टर जबाबदार नाहीत. पण जिथे वेळ नाही तिथे आधी लिहून ठेवलेल्या एका पानाचं मोल वाढतं. तीन मिनिटांत इतिहास विचारून होत नाही, वाचून होतो. तिसरं म्हणणं असं, की हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर या गुंतागुंती होणारच नाहीत. ते औषध खरोखर मोठं आहे. नागपुरातच मुलांवर झालेल्या चाचणीत कमी, ठरावीक मात्रेनेही दुखण्याचे प्रसंग घटल्याचं दिसलं. पण ते गुंतागुंतीचा धोका कमी करतं, शून्य करत नाही, शिवाय ते पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही खाली आणू शकतं. म्हणजे ते घेणाऱ्याचे नेहमीचे आकडे आणखी वेगळे असतात.

एक प्रश्न आजाराच्या नावाचाही आहे. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी तपासणी फक्त एवढं सांगते, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. सिकल आणि बीटा थॅलॅसेमिया, किंवा सिकल आणि हिमोग्लोबिन डी यांची जोडी झालेले रुग्ण विदर्भात आहेत. हिमोग्लोबिन डी साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सिकलच्याच जागी धावतं, त्यामुळे असा रुग्ण 'एसएस' म्हणून नोंदला जातो. एचपीएलसी या तपासणीत दोन्ही वेगळी दिसतात. डोळ्यांच्या पडद्यातला रक्तस्राव किंवा मज्जेची गुंतागुंत काही मिश्र प्रकारांत जास्त होते, म्हणून कोणत्या प्रकाराचा रुग्ण आहे हे निश्चित असायलाच हवं. काही तक्रारी तर रुग्ण स्वतःहून सांगतच नाहीत. तरुण पुरुषांत लिंग तासन्‌तास ताठ राहून तीव्र वेदना होणं ही सिकलसेलची ज्ञात गुंतागुंत आहे, चार तासांवर गेल्यास तातडीचा प्रसंग, आणि उशीर झाला तर कायमचं नपुंसकत्व येऊ शकतं. लाजेपोटी मुलगा आईला सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही. हे विचारायलाच हवं, आणि एकांतात.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड मिळतं आणि त्यावर पॅटर्न असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांची संघटना उभी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजार सरकारच्या आणि समाजाच्या नजरेत आणण्याचं काम अशा लोकांनी केलं. पण २०४७ पर्यंत नवं एकही मूल आजार घेऊन जन्मलं नाही असं धरलं, तरी आज वीस-तीस-चाळीस वर्षांचे असलेले रुग्ण तोवर जगायचे आहेत. त्यांच्या कार्डावर पॅटर्नखाली आणखी पाच-सहा ओळींची जागा हवी: चांगल्या दिवसांतलं हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, प्लेटलेट, क्रिएटिनिन, ऑक्सिजन, प्लीहा किती बोटं, शेवटचं रक्त केव्हा चढवलं आणि त्याची काही प्रतिक्रिया आली का. कार्ड छापणाऱ्या यंत्रणेला यासाठी नवा निधी लागत नाही.

ते होईपर्यंत वाट पाहू नका. तुमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर त्याची तब्येत ठीक असताना, शेवटच्या दुखण्याला आणि शेवटच्या रक्ताला तीन महिने उलटल्यावर, जवळच्या सरकारी दवाखान्यात या तपासण्या करून घ्या. आकडे तारखेसह एका कागदावर लिहा, त्याचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा आणि दरवर्षी नवा लिहा. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली की तो कागद पहिल्यांदा भेटणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्या, आणि दुखणं नेहमीसारखं नसेल तर तसं स्पष्ट शब्दांत सांगा.